नाशकातले जुने संगणक चालू ठेवूया: गट जमवण्यासाठी धागा

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

नाशकात जुन्या संगणकांचा नाद असलेली बरीच माणसं आहेत, हे मला वेगवेगळ्या निमित्तानं कळत गेलं. कुणाच्या माळ्यावर जुना ३८६ संगणक पडलाय, कुणाकडे कॉलेजनं काढून टाकलेलं, मायक्रोप्रोसेसर शिकवायचं ८०८५ चं किट आहे, इंदिरानगरला एका गृहस्थांकडे चालू स्थितीतला बीबीसी मायक्रो आहे. प्रत्येक जण आपल्या घरी एकटाच खटपट करतो. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र बसावं, यंत्रं उघडावीत, दुरुस्त करावीत, असा विचार आहे.

गट कशासाठी, याबद्दल माझं मत आधीच मांडतो. परदेशातल्या अशा क्लबांमध्ये कमोडोर ६४, अ‍ॅपल टू, अमिगा या घरगुती संगणकांच्या रांगा दिसतात. ती यंत्रं मलाही आवडतात. पण आपल्याकडे ऐंशीच्या दशकात घरी संगणक असणारी कुटुंबं किती होती? नाशकात तेव्हा जो संगणक होता तो कामावर होता. बँकेत, कारखान्यात, कॉलेजच्या लॅबमध्ये, पुढे छपाईच्या दुकानांत. आपण आधी ही कामाची यंत्रं शोधावीत आणि त्यांच्यावर झालेलं काम वाचवावं, असं मला मनापासून वाटतं. कमोडोर पैसे मोजले तर आजही मिळतो. सातपूरच्या एखाद्या मशीन शॉपमध्ये लिहिलेला प्रोग्राम किंवा भद्रकालीतल्या दुकानात जुळवलेला मराठी मजकूर एकदा गेला की जगात दुसरीकडे कुठेही नाही.

आणि यंत्र चालू हवं. नुसतं पुसून कपाटात मांडलेलं नको.

कोण कोण येईल? कुणाकडे काय आहे? जागा कुठे मिळेल?

प्रयोगशाळा८५

मी येतो. पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर शिकवण्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त आहे. लॅबमधून रीतसर निर्लेखित झालेली काही ८०८५ किट्स माझ्याकडे आहेत.

तरुण मंडळींसाठी सांगतो. इंटेलचा ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला. नावातला ५ हा पाच व्होल्टचा. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, याला एकच पुरतं. म्हणून शिकवण्याच्या किटसाठी तो फार सोयीचा ठरला आणि आपल्याकडच्या डिप्लोमा-डिग्रीच्या अभ्यासक्रमांत अनेक वर्षं टिकला. किटला पडदा नाही, सेव्हन सेगमेंटचे सहा आकडे आणि हेक्सचा, म्हणजे सोळा अंकी पद्धतीचा, छोटा कीपॅड. ३ई ०५, सी६ ०३, ३२ ५० २०, ७६ एवढं भरायचं, गो दाबायचं, मग मेमरीतला २०५० हा पत्ता उघडून बघायचा. तिथे ०८ दिसले की पाच आणि तीनची बेरीज झाली. प्रत्येक बाइट मुलांनी आपल्या बोटानं भरलेला असायचा. पत्ता लिहिताना ५० आधी आणि २० नंतर का, हा प्रश्न दर वर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि तिथून खरं शिकवणं सुरू व्हायचं.

माझी चिंता वेगळी आहे. या किट्सचा मॉनिटर प्रोग्राम (कीपॅड आणि आकडे चालवणारा मूळ प्रोग्राम) ईप्रॉममध्ये असतो, म्हणजे वर काचेची खिडकी असलेली चिप. अतिनील प्रकाशानं ती पुसली जाते, म्हणून खिडकीवर स्टिकर लावलेला असतो. बऱ्याच किट्सवरचे स्टिकर वाळून पडलेत. शिवाय चिपमधला विद्युतभार वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत असतो. एक बिट पलटला तरी किट सुरू होत नाही. वाचायला साधा यूएसबी प्रोग्रामर (चिप वाचणारं-लिहिणारं छोटं यंत्र) पुरतो, चिपमागे दोन मिनिटंही लागत नाहीत. पहिल्याच बैठकीत सगळ्यांच्या ईप्रॉम वाचून ठेवू. वेगवेगळ्या कंपन्यांचे मॉनिटर प्रोग्राम वेगळे होते आणि त्यांच्या प्रती कुणी जपल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

रबरीकीबोर्ड

मी पण. माझ्याकडे सिंक्लेअर स्पेक्ट्रम हा घरगुती संगणक आहे, मामांनी आणलेला. स्पेक्ट्रम इंग्लंडमध्ये १९८२ ला आला. आपल्याकडे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं तो डीबी स्पेक्ट्रम नावानं विकला, त्यामुळे महाराष्ट्रात तो सापडण्याची शक्यता बरी आहे. कुणाला माळ्यावर मिळाला तर हात जोडून विनंती: घरातला कुठलाही ९ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर लावू नका. मूळ सिंक्लेअर स्पेक्ट्रमच्या प्लगमध्ये मधला भाग ऋण आणि बाहेरचा धन असतो, आजचे बहुतेक अ‍ॅडाप्टर बरोबर उलटे. आतल्या ४११६ मेमरी चिप्सना तीन व्होल्टेज लागतात, ती बोर्डावरच तयार होतात, आणि तो भाग बिघडला की मेमरीही सोबत घेऊन जातो. आधी मीटर, मग वीज.

अंबडचा_टर्नर

गोदाकाठ, तुम्ही कारखान्याचं नाव काढलंत म्हणून लिहितो. एरवी या गप्पा फक्त वाचतो.

आमच्याकडे जुन्या फॅनुक कंट्रोलची (मशीन चालवणाऱ्या संगणकाची) मशीन्स अजून शिफ्टमध्ये चालतात. त्यांना प्रोग्राम पुरवायला कोपऱ्यात एक ४८६ आहे, डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर. २५ पिनांची केबल, ४८०० बॉड (पाठवण्याचा वेग), सात बिट, सम पॅरिटी (चूक पकडायची मोजणी). आमचा नवा मुलगा विचारत होता की सम पॅरिटीच का. त्याचं उत्तर कागदी पट्टीत आहे. एनसी, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या, मशीनचा प्रोग्राम पूर्वी एक इंच रुंदीच्या कागदी पट्टीवर छिद्रं पाडून यायचा. आयएसओ कोडमध्ये प्रत्येक आडव्या ओळीतली छिद्रं सम संख्येत असायची, जुन्या ईआयए कोडमध्ये विषम. पट्टी फाटली किंवा छिद्रात तेल-कचरा अडकला की मोजणी चुकायची आणि पट्टी वाचणारं यंत्र, म्हणजे वाचक, थांबायचा. पट्टी गेली, सीरियल केबल आली, पण नियम तोच राहिला. माझ्या उस्तादांकडच्या पट्टीच्या गुंडाळ्या त्यांच्या मुलानं मला दिल्या आहेत. वाचायला यंत्र नाही. गटात कुणी प्रकाशावर चालणारा वाचक बनवणार असेल तर गुंडाळ्या घेऊन येतो.

अजून एक. जुन्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर (मशीनच्या सेटिंग्ज) सेलवर टिकून असतात. सेल बदलताना कंट्रोल चालूच ठेवायचा. बंद करून सेल काढले की सगळी पॅरामीटर्स जातात आणि लाखोंचं मशीन उभं राहतं. छापील यादी मशीनच्या दारात चिकटवलेली असायची, ती पण तेलानं पुसट होते. सातपूर-अंबडच्या छोट्या शॉपवाल्यांना जुना संगणक चालू ठेवणं ही रोजीरोटीची गोष्ट आहे. गटानं त्यांनाही बोलवावं. त्यांच्याकडे ज्ञान आहे आणि त्यांना मदतही हवी आहे.

गोदाकाठ

टर्नरदादा, तुम्ही याच. पट्टीचा वाचक बनवायला नऊ फोटोट्रान्झिस्टर लागतील, आठ माहितीच्या छिद्रांसाठी आणि एक मधल्या बारीक छिद्रांच्या रांगेसाठी. पट्टी हातानं ओढली तरी चालेल, कारण ओळ कधी वाचायची ते त्या बारीक छिद्रांवरून कळतं. हे गटानं बनवायचं पहिलं यंत्र समजू.

नवाविद्यार्थी

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रामाणिक प्रश्न. जुन्या यंत्रांची नक्कल करणारे प्रोग्राम, म्हणजे एम्युलेटर, आहेत: डॉससाठी डॉसबॉक्स, स्पेक्ट्रमचेही आहेत, ८०८५ चे सिम्युलेटर तर मोबाइलवर चालतात. मग जुनं लोखंड का सांभाळायचं?

रबरीकीबोर्ड

एम्युलेटर मीही रोज वापरतो. पण त्यात घालायला रॉमची प्रत आणि टेपची प्रत कुणीतरी खऱ्या यंत्रावरून काढलेली असते. जे अजून काढलंच नाही त्याला एम्युलेटर काय करणार? वर सरांनी सांगितलेल्या किट्सचंच बघ.

प्रयोगशाळा८५

बाळ, प्रश्न चांगला आहे. सिम्युलेटरवर तू ८०८५ ची भाषा शिकशील. पण डेटा बसवर प्रोब लावून एएलई हा सिग्नल वर-खाली होताना पाहिलास, तेच आठ पाय आधी पत्ता आणि मग माहिती कसे वाहून नेतात हे डोळ्यांनी दिसलं, की ते आयुष्यभर विसरत नाही. ऑसिलोस्कोप माझ्याकडे आहे. ये एकदा.

नवाविद्यार्थी

नक्की येतो सर. दोन मित्रांनाही आणतो.

अक्षरजुळणी

मी मेन रोडजवळ वर्षानुवर्षं डीटीपीचं काम केलं. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची हस्तलिखितं, कवितासंग्रह, २००३ च्या सिंहस्थाच्या वेळची पत्रकं. सगळं फ्लॉपीवर आणि नंतर सीडीवर. डबे अजून आहेत. त्यातले काही कवी आता हयात नाहीत आणि त्यांच्या पुस्तकांच्या प्रतीही मिळत नाहीत.

मुलानं यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह आणून दिली. साडेतीन इंची काही उघडल्या, पण मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गुंता दिसतो. सव्वापाच इंची तर कशातच बसत नाहीत. हे सगळं गेलं असं समजायचं का?

लिपीवेडा

ताई, अजिबात गेलेलं नाही! कृपया एकही डबा टाकू नका.

तुम्हाला दिसतो तो गुंता म्हणजे तुमचाच मजकूर आहे, फक्त फाँट नाही. युनिकोडच्या, म्हणजे आजच्या सगळ्या लिप्यांच्या समान संकेतपद्धतीच्या, आधी श्रीलिपी, आकृती अशा पॅकेजेसमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. काना एका जागी, अर्धा त दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या. फाइलमध्ये फक्त त्या जागांचे क्रमांक आहेत. फाँट बसवला की पान जसंच्या तसं उभं राहतं. पण नुसतं दिसून भागत नाही, शोधता आणि पुन्हा छापता यावं म्हणून ते युनिकोडमध्ये आणायला हवं, आणि तिथे खरी मेहनत आहे. या फाँटमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमानं साठवलेला असतो. ‘किती’ मधली पहिली वेलांटी फाइलमध्ये क च्या आधी येते. युनिकोडमध्ये ती क च्या नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमानं. रफार तर याच्या बरोबर उलट हलवावा लागतो, अक्षराच्या मागून पुढे. मध्ये जोडाक्षर आलं की ते सगळं ओलांडून. त्यामुळे प्रत्येक फाँटसाठी तक्ता लागतो आणि वर क्रम बदलणारे नियम लागतात. हे तक्ते करायला मला फार आवडतं, तुमच्या फाइली द्या.

त्याहून जुनं म्हणजे डॉसवरचं मराठी. सीडॅक या सरकारी संस्थेचं जिस्ट कार्ड संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की साध्या डॉस प्रोग्राममध्ये देवनागरी उमटायची. त्यामागची संकेतपद्धती इस्की, १९९१ ला भारतीय मानक झाली. तिच्यात खालच्या १२८ जागा इंग्रजीला आणि वरच्या भारतीय लिप्यांना, अक्षरं उच्चाराच्या क्रमानं. युनिकोडनं देवनागरीचा तक्ता इस्कीच्याच आधीच्या आवृत्तीवरून बेतला, त्यामुळे इस्कीतून युनिकोडमध्ये येणं मानानं सोपं आहे. म्हणून कुणाकडे जिस्ट कार्ड असेल, भले बंद, तर मला कळवा. मराठी संगणकाचा हा टप्पा एखाद्या चालू यंत्रावर मुलांना दाखवता आला पाहिजे. माझ्यासाठी अमिगापेक्षा ते कार्ड मोलाचं आहे.

अक्षरजुळणी

डोळ्यांत पाणी आलं वाचून. डबे घेऊन येते.

निफाडकर

ताई, आणण्याआधी एक करा. प्रत्येक सव्वापाच इंची फ्लॉपी उजेडात धरून त्या लांबट खिडकीतून तबकडी बघा. फिकट ठिपके किंवा जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घालूच नका. बुरशी हेडला चिकटते आणि पुढची चांगली फ्लॉपीही खरवडते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे फार होतं. अशा फ्लॉप्या वेगळ्या पिशवीत ठेवा. वेष्टन कडेनं कापून तबकडी बाहेर काढायची, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसायची, चांगली वाळू द्यायची आणि दुसऱ्या स्वच्छ वेष्टनात घालून वाचायची. हे काम थंडीत करावं. डिसेंबर-जानेवारीत आमच्याकडची हवा गार आणि कोरडी असते, तेव्हा सगळं नीट वाळतं.

वाचायला ग्रीझविझल नावाचं छोटं बोर्ड माझ्याकडे आहे. ते फाइली बघत नाही, तबकडीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतं. अर्थ नंतर लावता येतो. कमकुवत फ्लॉपीचं पहिलं वाचन हेच शेवटचं ठरू शकतं, तेव्हा असं टिपण हाताशी असलेलं फार बरं. साधी ३६० केबीची फ्लॉपी म्हणजे ४० ट्रॅक, दोन बाजू, ट्रॅकला ९ सेक्टर, सेक्टरला ५१२ बाइट. कवितासंग्रह त्यात सहज मावतो.

आणि १.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीची फ्लॉपी वाचा, पण त्यावर लिहू नका. त्या ड्राइव्हचं हेड अरुंद असतं. नवं लिखाण जुन्या रुंद ट्रॅकच्या मधोमध पडतं आणि मूळ ड्राइव्हला दोन्ही मिसळून ऐकू येतं.

खतावणी

मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. बँकांच्या संगणकीकरणावरच्या रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांमध्ये लेजर पोस्टिंग मशीन्स (खातेवहीच्या नोंदी करणारी यंत्रं) आली. त्याआधी कर्मचारी संघटनांशी करार झाला होता, कारण नोकऱ्या जातील ही भीती खरी होती आणि आम्ही ती अनुभवली. आमच्या शाखेत पहिले काही महिने वही आणि मशीन दोन्हीकडे नोंदी व्हायच्या. दिवसअखेरीस दोन्ही बेरजा जुळल्या की मगच घरी. वहीवर विश्वास असलेली आणि मशीनवर विश्वास असलेली, अशी दोन टेबलं झाली होती.

यंत्र माझ्याकडे नाही, आठवणी पुष्कळ आहेत. त्या ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर मी आणि माझे दोन-तीन सहकारी तयार आहोत. एक आग्रह मात्र धरतो. बँकेची किंवा पतसंस्थेची जुनी फ्लॉपी कुणाच्या हाती लागली तर त्यातल्या खात्यांची नावं-आकडे कुठेही टाकू नका. त्या माणसांची मुलं-नातवंडं याच गावात राहतात. प्रोग्राम जपा, खाती पुसा.

गोदाकाठ

खतावणी काका, हे गटाच्या नियमांत पहिलं लिहितो. आठवणींचं मुद्रण करायचंच.

कॉलेजरोड

माझ्याकडे दोन पिवळे पडलेले कीबोर्ड आणि एक मॉनिटर आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की पांढरे होतात असं व्हिडिओत पाहिलं. गटात करूया का? प्रदर्शनात छान दिसतील.

निफाडकर

माझा विरोध. प्लास्टिक पिवळं पडण्यात ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांचा हात असतो असं सांगतात. पेरॉक्साइडनं रंग जातो पण कालांतरानं परत येतो, आणि अंदाज चुकला की पांढरे पट्टे पडतात ते कायमचे. कीकॅप साबणाच्या पाण्यानं धुवा, पुरे.

प्रयोगशाळा८५

मॉनिटरचा विषय निघाला म्हणून सांगतो, आणि हे सर्वांनी मनावर घ्यावं. पिक्चर ट्यूबला साध्या मॉनिटरमध्येही दहा हजार व्होल्टच्या वर दाब असतो. बंद केल्यावर, प्लग काढल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहू शकतो. ज्याला रीतसर डिस्चार्ज करता येतो त्याच्याशिवाय कुणीही मॉनिटर उघडायचा नाही.

बीबीसी मायक्रोवाल्या गृहस्थांनाही निरोप द्या. आपल्याकडे ती यंत्रं ऐंशीच्या दशकाच्या मध्यात केंद्र सरकारच्या क्लास या संगणक-शिक्षणाच्या प्रकल्पातून शाळांमध्ये आली. मोहालीला एससीएल युनिकॉर्न नावानंही बनली. त्यांच्या वीजपुरवठ्यात पारदर्शक पिवळट आवरणाचे कागदी कपॅसिटर असतात. आवरणाला तडे जाऊन आत दमटपणा शिरतो आणि एके दिवशी यंत्र चालू असताना खोली धुरानं भरते. चालू आहे म्हणून थांबू नका, ते आधीच बदलून घ्या. किंमत किरकोळ आहे.

३८६-४८६ वाल्यांनी घरी जाऊन आजच बोर्ड बघावा. त्यावर निळ्या किंवा हिरव्या रंगाची लहान नळकांडी असते, निकेल-कॅडमियमची, ३.६ व्होल्टची. ती गळते आणि तिच्यातलं अल्कली तांब्याच्या रेषा खात जातं. ती कापून काढा. हिरवट थर असेल तर पांढऱ्या व्हिनेगरनं उदासीन करा, मग आयसोप्रोपिलनं धुवा. जिथे वीज न लावताच यंत्र मरत असतं ती जागा ही.

सिडकोवाली

मी औद्योगिक पर्यावरण सल्ल्याचं काम करते. जुनी यंत्रं मिळवताना एक लक्षात घ्या. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. मोठ्या कंपन्या आणि संस्थांना त्यांचा ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारे किंवा पुनर्चक्रण करणारे यांच्याकडेच द्यावा लागतो. त्यामुळे एखाद्या कंपनीच्या गेटवर जाऊन ‘भंगारातले संगणक आम्हाला द्या’ म्हणालात तर ते इच्छा असूनही देऊ शकणार नाहीत. कंपनीतलं एखादं यंत्र महत्त्वाचं वाटलं तर ते भंगार यादीत जाण्याआधीच त्यांच्या पर्यावरण आणि लेखा विभागाशी बोला. घरगुती यंत्रांची अडचण नाही. मात्र आपल्याकडून निघणाऱ्या मेलेल्या ट्यूब आणि बॅटऱ्याही रीतसर केंद्रावरच गेल्या पाहिजेत, त्याची जबाबदारी मी घेते.

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार होता तेव्हा तिथे बोर्ड फोडून तांबं काढताना पाहिलंय मी, उघड्यावर, हातमोजे न घालता. जी यंत्रं आपल्या हातात आहेत त्यांचं तरी तसं होऊ नये.

गोदाकाठ

एवढी माणसं पुढे येतील असं वाटलं नव्हतं, फार आनंद झाला. जागेचं सांगतो. इंदिरानगरच्या त्या गृहस्थांनी त्यांचं गॅरेज रविवारी सकाळी द्यायचं कबूल केलंय. स्वतंत्र अर्थिंग आहे, पंखा आहे, लांब टेबलं आहेत. प्रदर्शन वगैरे नंतर बघू. पहिल्या बैठकीत तीनच कामं घेऊ: सरांच्या आणि इतरांच्या ईप्रॉम वाचणं, अक्षरजुळणी ताईंच्या फ्लॉप्या तपासून त्यातल्या चांगल्या टिपून घेणं, आणि सगळ्या बोर्डांवरच्या गळक्या बॅटऱ्या काढणं. स्पेक्ट्रम आणि बाकी खेळाची यंत्रं जरूर आणा, ती शेवटच्या तासाला लावू.

जे वाचून काढू ते तीन जणांच्या घरी तीन डिस्कांवर ठेवायचं. मूळ मालकाची परवानगी असेल तेवढंच उघड करायचं. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवतो.

लिपीवेडा

मी श्रीलिपीचा माझा अर्धवट तक्ता आणि विंडोज ९८ चा लॅपटॉप आणतो. ताई, कुठल्या पुस्तकापासून सुरुवात करायची ते तुम्ही ठरवा.

अक्षरजुळणी

एका आदिवासी आश्रमशाळेतल्या गुरुजींनी पेठ-सुरगाण्याकडची गाणी गोळा केली होती. छापायला पैसे जमले नाहीत, पण जुळणी पूर्ण झाली होती. दोन फ्लॉप्या आहेत. त्यांच्या मुलीला कालच फोन केला, ती परवानगी देते म्हणाली आणि स्वतः येणार आहे. त्या आधी घेऊ.

अंबडचा_टर्नर

मी शनिवारी रात्रपाळी करून थेट येतो. फोटोट्रान्झिस्टर कुणी घेतलेत का? नसतील तर मी आणतो, आणि कागदी पट्टी सरळ चालावी म्हणून अ‍ॅल्युमिनियमची खाच मारलेली पट्टी आमच्या मिलिंगवर करून ठेवतो. एक इंच रुंदी धरून थोडी सैल ठेवतोय. छिद्रांमधलं अंतर ०.१ इंच, त्याप्रमाणे भोकंही पाडून आणू का?

गोदाकाठ

हो, पाडून आणा. मधल्या रांगेचं भोक लहान ठेवा.